बांडी पंचमीला निघाली

साप पाळायला हिंमत लागते असं लोक म्हणतात. साफ चूक! साप आपला आपण पाळला जातो. हिंमत लागते ती सापासकट शेजारी सांभाळायला, आणि या कलेत माझा हात धरणारा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात नसेल, अशी त्या साली नागपंचमीच्या सकाळपर्यंत माझी पक्की खात्री होती.

मी तेव्हा हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत मास्तर होतो आणि गावचे पाटील दगडोबा यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहत होतो. माझ्याबरोबर एक धामण राहत होती. बिनविषारी, मनगटाएवढी जाड आणि स्वभावानं माझ्यापेक्षा गरीब. ज्वारीच्या पेवातून निघाली म्हणून लोकांनी धोंडे मारून तिला अर्धमेली केली होती. मी ती उचलून आणली, जखमांवर हळद भरली, ती जगली आणि राहिली. पुढं उन्हाळ्यात दगडोबांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, घाबरून धाडकन दार लावलं, त्यात तिच्या शेपटीचा टोकाकडचा वीतभर भाग गेला. तेव्हापासून तिचं नाव बांडी.

बांडीनं कधी कुणाचं वाकडं केलं नाही, पण गावानं माझ्यावर जवळजवळ बहिष्कारच टाकला होता. पाणी भरणारी बाई घागर रस्त्यावर ठेवून पळायची. न्हावी माझी दाढी अंगणाच्या टोकाला चिंचेखाली करायचा आणि वस्तरा चालवताना नजर माझ्या गालावर कमी, माझ्या दारावर जास्त ठेवायचा. त्या वर्षी माझ्या दोन मिशा दोन वेगवेगळ्या माणसांच्या वाटायच्या त्या यामुळे. मंजुळाबाई तर माझ्याशी भिंतीपलीकडूनच बोलत. “मास्तर, माणसानं पोपट पाळावा, बकरी पाळावी. तुमी हे काहून पाळून राहिले?” असं त्यांनी किती वेळा विचारलं असेल देव जाणे.

हे सगळं मी हसून काढलं असतं. पण हिंगोलीहून सासरेबुवांचा निरोप आला. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि कालिंदी अजून माहेरीच होती. तिला पाठवायची तयारी झालेली असताना कुणीतरी बांडीची बातमी त्यांच्या कचेरीपर्यंत पोचवली. निरोप असा, की मुलगी सापाला फार भिते. साप घराबाहेर गेल्याशिवाय ती तुमच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन घर बघेन.

मला कालिंदी हवी होती. खरं सांगतो, फार हवी होती. दोन माणसांच्या मापाचा भात शिजवून उरलेला एकट्यानं खायची मला सवय लागली होती. पण बांडीला शिवारात सोडावं, तर पहिल्याच बांधावर कुणीतरी तिला ठेचणार हेही दिसत होतं. तेव्हा मी डोकं चालवलं. माझं डोकं एकदा चालायला लागलं की कुणाच्या बापाच्यानं थांबत नाही!

बेत असा होता. गावाबाहेरच्या मळ्यात माझ्या दोस्ताचं, सटवाजीचं, खोपट होतं. सासरे येऊन जाईपर्यंत बांडीला तिथं ठेवायचं. आणि न्यायचं कधी? तर ऐन पंचमीला! त्या दिवशी कुणी जमीन खणत नाही, विळीवर भाजी चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. मग सापावर काठी कोण उगारणार? शिवाय त्या दिवशी बायका टोपल्यांत पूजेचं सामान घेऊन वारुळाला जातात. मीही बांडीला टोपलीत घातलं आणि वरून लाल खण झाकला. बघणाऱ्याला वाटावं, मास्तर पूजेला चालले. एवढी बारीक हुशारी भल्याभल्यांना सुचत नाही!

टोपली दोन्ही घरांच्या सामाईक ओट्यावर ठेवून मी दाराला कडी घालायला वळलो. कडी जरा गंजलेली होती. ती बसवून मी टोपली उचलली आणि ताठ मानेनं गावातून निघालो. वाटेत दोघातिघांनी रामराम केला. बांडीसुद्धा इतकी शहाण्यासारखी वागत होती, की जरासुद्धा हलली नाही.

खोपटात सटवाजीनं खण उचलला आणि आत डोकावला. मग म्हणाला, “मास्तर, तुमची बांडी वाळून लाह्या झाली जणू.”

टोपलीत लाह्या होत्या, दुधाचा तांब्या होता, मातीचा नागोबा होता आणि पुरणाची दिंडं होती. ही मंजुळाबाईंची टोपली! दोन्ही टोपल्या एकाच बुरुडाच्या, दोन्हींवर लाल खण, दोन्ही एकाच ओट्यावर. माझी बांडी मंजुळाबाईंच्या डोक्यावर बसून वारुळाला गेली होती. ज्या बाईला सापाच्या नुसत्या नावानं चक्कर येते, तिच्या! सटवाजी तेवढ्यात एक दिंड खाऊन मोकळा झाला. मी त्याच्या हातातून टोपली ओढली आणि धोतर खोचून चिखलातून धावत सुटलो. त्या बाईंना काही झालं तर खोली जाणार, बांडी जाणार आणि कालिंदी तर जन्मात येणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

वारुळापाशी पोचलो तेव्हा तिथं गाव जमलं होतं. काय झालं ते मला नंतर कळलं. बायका वारुळाभोवती फेर धरून, नागोबाला भाऊ मानून, घरी ये रे भाऊ, जेवायला ये रे भाऊ म्हणून आळवत होत्या. मंजुळाबाई मानाच्या. त्यांनी टोपली पुढं ठेवून खण उचलला आणि आतून भावानं मान वर काढली. त्याबरोबर गाणं जे बंद पडलं ते पडलंच. सगळ्या बायका पार बांधापर्यंत मागं सरल्या. मंजुळाबाई तेवढ्या जागच्या जागी राहिल्या, कारण त्यांचे पाय उचलतच नव्हते.

बांडीला एवढा उजेड आणि एवढी माणसं कुठली सवयीची! अंधारी जागा शोधत ती सरळ मंजुळाबाईंच्या लुगड्याच्या घोळाशी गेली आणि तिथं वेटोळं करून बसली. मंजुळाबाईंनी खाली बघितलं आणि त्यांना ते तुटकं शेपूट दिसलं.

साप डूख धरतो हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. दुखावणाऱ्याला तो सात गावं पालथी घालून शोधून काढतो. मंजुळाबाईंना वाटलं, आपला हिशोब चुकता करायला ही आली. मी पोचलो ते त्या हात जोडून बोलत असताना.

“बाई, चुकलं माझं,” त्या म्हणत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “तुझं शेपूट माझ्या हातानं गेलं. मी भेले, म्हणून दार लोटलं. तुला मारायचं मनात नव्हतं. आता तुला काय करायचं ते कर.”

बांडीनं काही केलं नाही. जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि डोकं त्यांच्या पावलावर टेकवून स्वस्थ पडली. मग मंजुळाबाई हळूच खाली बसल्या आणि त्यांनी बांडीच्या पाठीवर एक बोट फिरवलं. “थंडगार हाय गं,” त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. त्या आवाजात भीती फार थोडी उरली होती.

मी पुढं होऊन खरं ते सांगून टाकलं. टोपल्यांची अदलाबदल झाली, दोष माझा आहे, बांडीचा नाही आणि देवाचाही नाही.

“मास्तर, तुमी गप बसा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “टोपली मी सोता उचलली. ती तिच्या पायानं माझ्यापाशी आली.”

“सापाला पाय नसतात,” मी म्हणालो. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

“व्हय, बराबर. पाय न्हाईत तरी आली,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या बोलण्याचा निकाल लागला. बांडीनं मंजुळाबाईंना माफ केलं, तेव्हा आता तिला कुणी तकलीफ द्यायची नाही, असं दगडोबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा आले. वाटेतच त्यांना निरनिराळ्या तोंडून निरनिराळी हकीकत कळली होती. ते चिंचेखालीच थांबले, तिथूनच माझ्या दाराला नमस्कार केला, घर उत्तम आहे म्हणाले आणि मुलीला पाठवतो सांगून परत गेले. घरात काही ते आले नाहीत.

इकडे बांडीला आवतणांवर आवतणं यायला लागली. ती ज्यांच्या कोठीत राहून गेली त्यांच्याकडचे उंदीर पसार होत. मग आज या घरी, उद्या त्या घरी असं तिचं सुरू झालं. कुणाकडे कधी जायचं ते मंजुळाबाई ठरवत आणि टोपली स्वतः डोक्यावरून नेत. न्हावीसुद्धा ओट्यावर येऊन बसायला लागला आणि माझ्या मिशा पुन्हा एका माणसाच्या झाल्या.

आणि कालिंदी आली! मी घर सारवून ठेवलं होतं. तिनं बोचकं खाली ठेवलं, चहूकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, “बांडी कुठाय?”

मी तिला धीर दिला. भिऊ नकोस, ती घरात नाही, गावात गेली आहे.

“मी कशाला भिऊ? सापाला तर बाबा भितात. स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते, म्हणून माझं पुढं करतात.”

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तो पुरता व्हायच्या आतच उतरंडीमागून एक टपोरा उंदीर निघाला आणि आमच्या दोघांच्या मधून रमतगमत गेला. बांडी नसल्यामुळं ही मंडळी चांगलीच सोकावली होती. दुसऱ्या क्षणी कालिंदी पत्र्याच्या मोठ्या पेटीवर उभी होती.

“बांडी घरात आल्याशिवाय मी खाली उतरणार नाही,” ती म्हणाली.

मी धावत मंजुळाबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे बोटं मोजली आणि सांगितलं, सध्या बांडी सटवाजीकडे, मग शकुबाईकडे, मग देवळाच्या कोठीत. तुमचा नंबर पोळा झाल्यावर.

मांजर मागून बघितलं. कुणी देईना. सापाच्या घरात मांजराचे हाल होतील म्हणायचे! तेव्हा पोळ्यापर्यंत स्वयंपाक माझ्याकडेच राहिला. कालिंदी पेटीवर बसून जेवायची आणि भाजीत मीठ कमी आहे असं रोज सांगायची. पण भात आता दोघांना बरोबर पुरायचा.