वाढता कोळसा

"अबोली, कोळसा वाढलाय."

"म्हणजे? महागलाय?" अबोलीने तीन स्वेटरांच्या आतून विचारलं.

"अगं, पेटीत वाढलाय! कालची खडूची रेघ आज दिसतच नाहीये. कोळशाखाली गेली."

कावासाकीचा उबदार फ्लॅट सोडून होक्काइदोतल्या या जुन्या घरात यायची हौस अनुपचीच. ऑफिसचं काम घरून, भाडं कमी, वर कोळशाचा खराखुरा स्टोव्ह! अबोलीने आल्या दिवशीच बजावलं होतं, "कोळसा संपला की त्याच दिवशी मी कावासाकीला. तू बस इथे बर्फ उपसत." म्हणून बिचारा खप मोजायला लागला. रात्री दाराबाहेरच्या पेटीत आतून रेघ मारायची, स्टोव्ह भरायचा आणि सकाळची मीटिंग आटोपली की जाऊन बघायचं. रेघ उघडी पडायला हवी होती. ती रोज गाडली जात होती.

"स्टोव्हमध्ये घालतोस ना नक्की?"

"मग ही राख काय माझ्या डोक्याची आहे?"

त्याने स्टोव्ह रात्रभर ढणाढणा पेटवून पाहिला. हिवाळ्यापुरत्या पुण्याहून आलेल्या सरोजिनीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, चक्क कानटोपी काढली. सकाळी पाहतो तर कोळसा आणखी वर!

"थंडीने फुगत असेल का गं?"

"कोळसा आहे तो, साबुदाणा नाही!"

शेवटी अनुपने ठरवून टाकलं, स्टोव्हच भारी आहे. तसं त्याने कावासाकीतल्या मित्राला, वरदला, फोन करून ऐकवलंही. कोळसेवाल्याचा फोन आला, तर "दाइजोबु, दाइजोबु", सध्या काही नको, म्हणत त्यालाही वाटेला लावलं. आता हिवाळ्याची चिंता मिटली होती.

आणि दुसऱ्या दिवशी रेघ उघडी पडली. मग भराभर पेटीचा तळच दिसायला लागला. बाहेर कमरेएवढा बर्फ. कोळसेवाला म्हणाला, आता सगळ्यांचं झाल्यावर तुमचा नंबर. अबोलीने माळ्यावरची बॅग काढली. अनुप बॅगेला आडवा आला.

"असं कसं होईल? परवा-परवापर्यंत वाढत होता!"

"वाढेल कसा?" मटार सोलता सोलता आई म्हणाली. "बेसन संपलं ना."

"बेसनाचा काय संबंध?"

"अरे, शेजारचा तो नोमुरा. एकटा जीव. रोज सकाळी त्याला डबाभर लाडू देते. रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत त्याच्याकडेही आहेच की. पहिल्या दिवशी डब्यातच कोळसा भरून आला मेला! म्हटलं, बाबा रे, डब्यात नको, पेटीत ओत. तेव्हापासून रोज बादली आणून ओततो."

"तुला जपानी येतं?"

"त्याला तरी कुठे मराठी येतं?"

"अगं, मग मला सांगायचंस ना!"

"तू मोजत होतास ना रोज! म्हटलं, इंजिनियर आहे, कळेल त्याला."

अनुपने गुपचूप वरदला फोन लावला.

"काय रे, कोळसा संपला वाटतं?" वरद खिदळला.

"कोळशाचं सोड. तिथल्या भारतीय दुकानातून बेसन पाठव. भरपूर. आणि तूपही."

अबोली बॅग तशीच टाकून स्वयंपाकघरात शिरली होती. "आई, तोवर रव्याचे चालतील का हो त्यांना?"

चालले. सकाळी डबा गेला आणि बादली आली. अनुपने खडू उचलला, आत गेला आणि रव्याच्या बरणीवर रेघ मारली.