पेजेचे डॉक्टर

जंतूंशी अरेतुरे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमच्या दिवेआगरातले अण्णा डॉक्टर. रोग्याच्या छातीला नळी लावायचे, डोळे मिटायचे आणि दरडावायचे, "काय रे, बरा शिरलास! ऊठ!" रोगीच दचकून उठून बसे.

एका मुंजीत बापू खोत कोठीच्या खोलीत लाडू खिशात घालताना सापडले. अण्णा भर मांडवात ओरडले, "हाच! न्यूमोनियाचा जंतू अस्साच! आपल्याच रक्तातली साखर आत ओढतो नि पोसतो. पांढऱ्या पेशी शिपायांसारख्या धरायला धावतात, पण मेल्याच्या अंगावर बुळबुळीत डगला! तेल चोपडलेल्या चोरासारखा निसटतो!" बापूंनी पुढे कधी अण्णांचं औषध घेतलं नाही.

अण्णांचं खरं वैर लंघनाशी. ताप आला की उपाशी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. अण्णा मात्र घरोघरी पेज पाजत हिंडायचे. "तुम्ही उपाशी राहाल हो, तो राहील का? त्याच्या हाती कोठीची चावी! मरतील ते आपले शिपाई."

माझ्या लेकीला, बबीला न्यूमोनिया झाला तेव्हा माझी आई दारात आडवी उभी राहिली. "पोरीच्या पोटात कण जायचा नाही!" अण्णांनी चक्क हात जोडले, तशी ती बाजूला झाली. मग रोज ते चमच्याचमच्यानं पेज भरवत आणि मधूनच जंतूला शिव्या घालत. नेमकं औषध तेव्हा नव्हतंच. "त्या डगल्यावर रक्तातच उतारा तयार होतो, मग शिपायांची पकड बसते. तोवर पोरीनं तग धरायला हवा," म्हणायचे. भीतीनं मी अर्धा झालो होतो.

एका सकाळी बबीला दरदरून घाम फुटला. अंग गार लागलं, तसा माझा धीरच सुटला. अण्णांनी नाडी धरली आणि हसले. "सापडला चोर!" बबीनं डोळे उघडून पेज मागितली.

अण्णा ओटीवर येऊन मटकन बसले. "वहिनी, उरली असेल तर मलाही द्या पेज."

"का? जेवला नाहीत?" आईनं विचारलं.

"पोरीला ताप आल्यापासून नाही."

"लंघन? आणि तुम्ही?"

आईनं पुढे केलेल्या वाटीत अण्णा बघत राहिले. "आमच्या यमूला हाच ताप होता. एकुलती लेक. वडिलांच्या शब्दाबाहेर जायचं धैर्य मला झालं नाही. शेवटपर्यंत पेज मागत होती हो."

आईनं पेजेत तूप सोडलं आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहिली. पुढे आमच्या घरात कुणालाही ताप आला, की ती दोघांपुरती पेज टाकायची.