मडावी गुरुजींचा दिवसाचा कंदील

बाहेर ऊन रखरखत असताना, सकाळी अकरा वाजता, वर्गाची दारंखिडक्या लावून कंदील पेटवणारा मास्तर तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. चोपन्न-पंचावन्न साल असेल. गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक होतो. मी गणित शिकवायचो, मडावी गुरुजी इतिहास. मधल्या कुडाच्या भिंतीतून त्यांच्या कंदिलाचा धूर माझ्या अपूर्णांकांत शिरायचा.

"गुरुजी, हे काय खूळ?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"दिवसा गोष्ट सांगतली तं मामा वाट चुकते, भाऊ. म्हणून अंधार करतो."

"आणि पुस्तक उजेडात वाचता ते?"

"पुस्तकाले मामा नाई."

मी कपाळाला हात लावला.

पुढे एकदा त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा माझं हसू मावळलं. सहा वर्षांचे असताना मामानं त्यांना चांद्याच्या बोर्डिंगात सोडलं. वाटेत एक गोष्ट सुरू केली आणि "राह्यलेली न्यायले येईन तवा सांगीन" म्हणून अर्धीच ठेवली. पोराला करमेना. त्यानं ती अर्धी गोष्ट भरदुपारी सोबत्यांना सांगितली. मामा आला नाही. कधीच आला नाही.

"माह्याच्यानं चुकला," गुरुजी म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस हे खरंच मानत होता. मला राग आला, पण कोणावर ते कळेना. ती गोष्ट त्यांना पुरी कुठेच मिळाली नव्हती. म्हणून दरवर्षी ते नव्या पोरांना घरच्या गोष्टी सांगायला लावत.

एके दिवशी भिंतीपलीकडे पुस्तकात ओळ आली, चांद्याभोवतीचा परकोट गोंड राजाने बांधला.

"एकट्यानं?" सोमी नावाच्या मुलीनं विचारलं. वर्ग हसला.

"दगड कोणं वाह्यले, सांगा," गुरुजी म्हणाले. कोणी म्हणे हत्तीनं, कोणी म्हणे देवानं.

"पुस्तकात नाई ते खोटं," एक शहाणा म्हणाला.

"तुह्या आजाचं नाव पुस्तकात हाये का? मंग तो नोहोताच का?"

खिडक्या लागल्या. सोमी आजीची गोष्ट सांगू लागली. परकोटाचे दगड वाहायला गावातला एक माणूस नेला. तो परतेना, म्हणून बायको वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबील घेऊन निघाली. वैनगंगेला पूर होता. तिनं काठावरून नाव चालवणाऱ्या ढिवराला हाक मारली...

भिंतीअलीकडे मी खडू खाली ठेवला. ही मामानं अर्धी ठेवलेली गुरुजींचीच गोष्ट होती. त्यांनाही इथवरच ठाऊक होती.

"मंग?" गुरुजींचा आवाज ओळखू येईना.

"मंग आजी मेली. राह्यलेली सांगणार होती." सोमी रडू लागली.

मग गुरुजी हळूच म्हणाले, "ढिवरानं डोंगा काढला, पोरी. ते पार गेली. नवरा परकोटापाशीच भेटला. आंबील पिऊन दोघं संगच घरी आले."

शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. "गुरुजी, हा शेवट कुठून आणला?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"तिले काठावर कशी ठेवू, भाऊ? तिथं मी एकटा थांबलो हाओ, तेवढा पुरे."