अंगठ्यापुरती जागा

नदाफमामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, स्टीलची सहा इंची पट्टी असते. छापलेला कोणताही कागद हाती आला, मग ती लग्नपत्रिका असो की औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, मामा आधी पट्टी काढून कडेची कोरी जागा मोजतात. मजकूर नंतर वाचतात. कधीकधी वाचतही नाहीत.

पहिल्या भेटीत त्यांनी माझी वही मोजली. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख द्यायला मी कॉम्प्युटर लॅबमध्ये गेले होते. खरं तर पाच मिनिटं दारातच उभी होते, कारण आत जाण्याआधी विचारायचं असतं का, तेच मला माहीत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

"डावीकडं ठीक आहे," मामा पट्टी लावून म्हणाले. "उजवीकडं कायच न्हाई. अक्षरं पार कडेला टेकलीत. वाचणाऱ्यानं अंगठा कुठं ठेवायचा?"

मी घाबरून "सॉरी" म्हणाले.

"सॉरी नको, बेटा. अंगठा कुठं ठेवायचा ते सांग."

मामा आमच्या लॅबचे असिस्टंट. त्याआधी पिंपरीत एका दुकानात त्यांनी वर्षानुवर्षं पत्रिका, हँडबिलं आणि दहाव्याचे कागद टाइप केले. आमच्या लॅबमध्ये आता सपाट स्क्रीनचे नवे कॉम्प्युटर रांगेनं मांडलेत, पण अंक तयार होतो तो कोपऱ्यातल्या जुन्या डब्यावर. त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत, त्यामुळे त्यावर मामांशिवाय कुणालाच टाइप करता येत नाही. पानं लावायचं सॉफ्टवेअरही तितकंच जुनं. मोबाईलवरून पाठवलेलं मराठी त्यात चिकटवलं की नुसते चौकोन उमटतात.

"त्याला हाताचंच लागतं," मामा सांगतात. "बाहेरचं पचत न्हाई."

म्हणून प्रत्येक लेख आम्ही मोठ्यानं वाचायचा आणि मामांनी तो टाइप करायचा. दर अर्ध्या तासानं मामा डब्यावर तळहात ठेवतात, ताप बघावा तसा, आणि म्हणतात, "तापलाय. जा, चहा पिऊन या." कुणी पेनड्राइव्ह आणला तर आधी चौकशी होते. "कुठून आणलास? कुणाकुणाच्या मशीनला लावला होतास?" मग तो रुमालानं पुसायचा. स्कॅनरचं झाकण नीट बसत नाही, म्हणून त्यावर जाडा शब्दकोश ठेवलाय. माझ्या पाहण्यात तरी त्या शब्दकोशाचा दुसरा काही उपयोग होत नाही.

अंकाच्या समितीत पुढं मीही आले. तिथल्या ओंकारला हे सगळं बघवत नाही.

"मामा, मोबाईलवर पाच मिनिटांत डिझाइन मिळतं राव!"

"लग्नपण पाच मिनिटांत लागतं, भावा," मामा मान वर न करता म्हणाले. "पुढचं?"

यंदा मी सगळ्यांत शेवटी, संकोचत दिलेला लेख पप्पांवर होता. पप्पा परभणीहून आले आणि चाकणच्या एका कंपनीत मशीनवर लागले. ते शिफ्टवरून येऊन झोपले की आम्ही घरात कुजबुजत बोलतो, एवढंच एक पान मी लिहिलं होतं. मामांनी ते टाइप केलं.

अंक प्रेसला जायच्या दिवशी पानं मोजली. पासष्ट भरली. प्रेसवाला एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतो, म्हणून आमची चौसष्टच ठरलेली. एक पान जास्त झालं होतं. इतिहासाच्या सरांचा लेख चार पानं भरून पाचव्यावर सांडला होता. किती? तीन ओळी. ओंकार धावत जाऊन त्यांना विचारून आला.

"सर म्हणतात, एक शब्दही हलणार नाही."

"मग?" मी विचारलं.

"शेवटी आलेला लेख काढायचा. तेच बरोबर होईल."

शेवटी आलेला लेख माझा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "चालेल." मला नाही म्हणायची सवय नाही.

मामांनी खुर्ची वळवली. "पप्पांना सांगितलंयस?"

"हो. त्यांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलंय."

मामांनी पट्टी काढून पानाच्या कडेला लावली. मग म्हणाले, "बाहेरच्या कोऱ्या कडेतून तीन मिलिमीटर घेऊ."

आम्ही थक्क झालो. मागच्या वर्षी प्राचार्यांच्या मनोगतासाठी याच माणसानं अर्धा मिलिमीटर द्यायला नकार दिला होता.

"मग फक्त सरांच्या पानांचं घ्या ना," ओंकार म्हणाला.

"एकाच घरात एकालाच दाटीवाटीनं बसवायचं? घ्यायचं तर सगळ्यांचं."

म्हणजे प्रत्येक पान पुन्हा लावायचं, फोटो सरकवायचे, मथळे बसवायचे. दुपार गेली. मामांनी एकदाही चहाला पाठवलं नाही. मीच भीत भीत डब्यावर हात ठेवला.

"मामा, तापलाय."

"आज तापू दे."

चार वाजता सरांच्या तीन ओळी चौथ्या पानात बसल्या. अंक चौसष्ट पानांचा झाला. माझं पान राहिलं.

छापलेला अंक देताना मामा मला म्हणाले, "पप्पांचं वाचून झालं की हीच प्रत आणून दाखव."

पप्पा पहिली शिफ्ट करून आले. हात धुतले आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. त्यांनी ते पान तीनदा वाचलं असावं. मग "बरं लिहिलंस" म्हणून आत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. पानाच्या उजव्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा काळपट डाग राहिला होता. मशीनचं तेल साबणानं पुरतं निघत नाही. डाग थेट अक्षरांवर आला होता.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मामांपुढे ते पान उघडलं. त्यांनी पट्टी लावली.

"तीन मिलिमीटर आत आलाय."

"सॉरी, मामा."

"माझे अब्बा गॅरेजात होते," मामा पट्टीकडे बघत म्हणाले. "वाचता येत न्हवतं. मी केलेली पहिली पत्रिका त्यांना दाखवली. ग्रीसचे हात, म्हणून नखांनी कडेला धरली. म्हणाले, तुझी अक्षरं खराब होतील. माझं कुठलंच काम त्यांनी कधी नीट हातात घेतलं न्हाई."

त्यांनी त्या डागावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

"यांनी घेतलं बघ. ही प्रत मला दे, बेटा. तुला नवी देतो."

मी दिली. त्यांनी खुणेसाठी पट्टी त्याच पानात ठेवली आणि अंक डब्याशेजारी उभा केला.

दोन दिवसांनी ओंकार बहिणीची लग्नपत्रिका घेऊन आला. मामांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. मग त्यांनी चष्मा लावला आणि पत्रिका पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.