सात नंबरची तार

कोणत्याही वस्तूला या जगात नीट उभं राहायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: एक ती वस्तू आणि दुसरं तिचं वर्णन. यांपैकी वस्तू थोडी इकडेतिकडे झाली तर चालून जातं. वर्णनाचं तसं नसतं.

वॉशिंग मशीनच्या पोटात एक चिप असते. ती जागी होते तेव्हा तिच्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपल्याला हात किती, पाय किती, यातलं काहीही ठाऊक नसतं. (बऱ्याच वरिष्ठांचंही असंच असतं, पण त्यांना हाताखाली माणसं मिळतात.) म्हणून तिच्यासाठी वर्णनाची एक फाइल लिहून ठेवतात. पडदा (म्हणजे स्क्रीन) अमुक ठिकाणी, मोटर तमुक ठिकाणी, दाराचं कुलूप फलाण्या ठिकाणी. आता यातलं कोणी मध्येच बधिर होऊन बसलं, तर त्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला पहिल्यापासून कामाला लावणारा एक अधिकारी चिपमध्येच असतो. त्याला रीसेट कंट्रोलर म्हणतात. त्याची कोणती तार कोणाच्या पाठीपर्यंत जाते, हेही फाइलमध्ये लिहावं लागतं. हे लिहिणाऱ्याच्या पदाचं नाव वर्णनकार.

आपला वर्णनकार कंपनीत नवा होता आणि घरी जुना. घरी बायको, सासूबाई आणि कंपनीचंच एक वॉशिंग मशीन. मशीन दिसायला छान होतं, फक्त अधूनमधून त्याचा पडदा गोठायचा. मग सिस्टिम अर्धा मिनिट वाट बघायची, फाइल उघडायची, पडद्याची तार सात नंबरची आहे असं वाचायची आणि सात नंबरवर सणसणीत धपाटा द्यायची. प्रत्यक्षात सात नंबरची तार दाराच्या कुलपाला गेली होती, आणि पडद्याची होती आठ. कुलूप बिचारं दचकून उठायचं आणि उठल्याबरोबर दार उघडायचं. पोटातलं सगळं पाणी पॅसेजमध्ये.

एका सकाळी सासूबाई घडी केलेले टॉवेल घेऊन त्याच पॅसेजमधून निघाल्या होत्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्यावर त्यांनी जावयाला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यामुळे त्याला जेवण जाईना.

"अहो, मशीन तुमच्या कंपनीचं, फाइल तुमच्या खात्याची," बायको म्हणाली. "आईचा एकच हात धड राहिलाय. तेवढा तरी राहू दे."

"दोन आकड्यांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "सातच्या जागी आठ, आठच्या जागी सात. आठवड्याच्या आत करून देतो. शब्द दिला."

त्याला ते मनापासून वाटत होतं. (सेवेच्या पहिल्या वर्षात हे लक्षण साधारण आढळतं. पुढे आपोआप जातं.)

वर्णनातली दुरुस्ती वर्णन तपासणी समितीकडे पाठवावी लागते. त्याने ती पाठवली आणि कारण लिहिलं: पाणी बाहेर येतं. समितीने शेरा मारला की वर्णन फक्त चिपचं असावं; पाणी ही वस्तू चिपमध्ये नाही. त्याने सासूबाईंचा उल्लेख केला. तेव्हा, 'सदर सासूबाई कोणत्या पत्त्यावर जोडलेल्या आहेत?' अशी विचारणा झाली. त्याने घरचा पत्ता कळवला. चिपमधले पत्ते आकड्यांत असतात; हा तसा नसल्यामुळे परत आला.

तिसऱ्या वेळी त्याने कारणाचा कागद कोराच ठेवला आणि दुरुस्ती पुढे सरकली. तपासनीस अकरा. पैकी सात जणांनी ओळीच्या शेवटी राहिलेल्या एका मोकळ्या जागेवर आक्षेप घेतला, तिघांनी त्या आक्षेपाच्या भाषेवर आक्षेप घेतला आणि उरलेल्या एकाने, काम फार सुंदर झालं आहे, आता पुन्हा करा, असं कळवलं. ही पद्धत आम्हाला अतिशय आवडते. तिच्यामुळे आजवर एकही मोकळी जागा निसटलेली नाही.

आठवडा कधीच उलटला होता. बायको आता आठवड्याचं नाव काढत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी तो थेट समितीच्या अध्यक्ष साहेबांकडे गेला. साहेब भला माणूस. मूळ फाइल त्यांनीच तरुणपणी, मोठ्या हौसेने लिहिली होती.

"असं बघ," साहेब म्हणाले, "एकदा बाहेर गेलेलं वर्णन म्हणजे वचन असतं. लाखो घरांत ते पोचलंय. ते बदलता येत नाही."

"पण साहेब, ते चुकलंय."

"कोण म्हणतं?"

"चिप."

"चिप नंतर आली," साहेब शांतपणे म्हणाले. "वर्णन आधी झालं होतं."

शिवाय मध्येच दार उघडल्यामुळे बाहेर राहिलेला मोजा आत टाकता येतो, अशी आभाराची चार पत्रं कंपनीकडे आली होती. चार माणसांचा विश्वास मोडायला साहेब तयार नव्हते. (ज्यांची हाडं मोडली त्यांच्यासाठी पत्राचा वेगळा नमुना अद्याप ठरायचा होता.)

मात्र समिती निर्दय नव्हती. वर्णन बदलता येत नसेल तर चिप बदलू, असा तोडगा निघाला. कारखान्याला कळवलं गेलं आणि नव्या चिपमध्ये सात आणि आठ या तारांची खरोखरच अदलाबदल झाली. वस्तू वर्णनाच्या लायकीची झाली. वर्णनकाराने जुनं मशीन शेजाऱ्यांना देऊन टाकलं, नवं घरी आणलं आणि त्या संध्याकाळी दोनदा वाढून घेतलं.

दोन दिवसांनी पडदा गोठला आणि पॅसेज पुन्हा भरला.

झालं होतं ते असं. सिस्टिमचा प्रोग्राम लिहिणारा ऑफिसात शेजारच्याच टेबलावर बसायचा. सासूबाईंच्या हाताचं ऐकून त्याला गलबलून आलं होतं, म्हणून त्याने कोणालाही न सांगता प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती: फाइल सात म्हणेल तेव्हा आठवर मार. प्रोग्राम सगळ्या मशीनना एकच, आणि तो इंटरनेटवरून घरोघरी आपोआप पोचतो. त्यामुळे जुनी मशीन झटक्यात शहाणी झाली आणि नवी तेवढीच बिघडली. ती ओळ आता काढावी, तर जुन्या लाखो घरांत पुन्हा पाणी. शेजाऱ्यांकडे दिलेलं मशीन तेव्हापासून विनातक्रार चालतं आणि वहिनी भेटल्या की आभार मानतात.

समितीची तातडीची बैठक बसली.

"मग सध्या तुझ्या घरी कसं चाललंय?" साहेबांनी विचारलं.

वर्णनकाराला मान वर करवेना. "सासूबाई मशीनसमोर खुर्ची टाकून बसतात," तो म्हणाला. "पडदा गोठला की धपाटा पडायच्या आत डाव्या हाताने प्लग काढतात. दहा आकडे मोजतात. परत लावतात. मग सगळं व्यवस्थित."

असलेली नोंद बदलणं नियमात बसत नाही, पण नवी नोंद घालायला कुठलाच नियम आड येत नाही, हे अकराही जणांच्या एकदमच लक्षात आलं. ती नोंद अशी: 'रीसेट कंट्रोलर, दुसरा. प्रकार बाह्य. सर्व तारांना एकसमयी जोडलेला. विजेशिवाय चालतो. प्रत्येक मशीनसोबत ग्राहकाच्या घरी आधीपासून उपलब्ध.' अर्ध्या तासात मंजुरी मिळाली. मोकळ्या जागेवरसुद्धा कोणी बोट ठेवलं नाही, कारण खात्याच्या इतिहासात वस्तूशी शब्दशः जुळणारं ते पहिलंच वर्णन होतं. वर्णनकाराला कायम करण्यात आलं.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आईचा धड हातसुद्धा आता तुमच्या कंपनीनेच घेतला," ती म्हणाली. सासूबाई तेवढ्यात सहा, सात, आठ असं मोजत होत्या.

ती फाइल एव्हाना आणखीही बऱ्याच कंपन्यांनी जशीच्या तशी उचलली आहे. तेव्हा वाचकहो, तुमचा टीव्ही, फोन किंवा भिंतीवरचा इंटरनेटचा डबा गोठेल, तुम्ही तो बंद करून पुन्हा चालू कराल आणि घरच्यांकडे विजयी मुद्रेने बघाल, तेव्हा गैरसमज नको. तुम्ही दुरुस्ती केलेली नाही, ड्यूटी केली आहे. तुमची नोंद रीतसर मंजूर आहे, आणि ती काढता येत नाही.