वाऱ्यावर खटला

सासूबाई हसल्या, तेव्हा दंतवैद्य एका गृहस्थांची अक्कलदाढ काढत होते. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, मध्ये एक भिंत. हसू इतकं खणखणीत होतं की तोंड वासून बसलेल्या गृहस्थांनीही डोळे तिकडे फिरवले. दंतवैद्यांना मात्र भरून आलं. मोरीत पाय घसरून मांडीचं हाड मोडल्यापासून सासूबाईंनी जगाशी अबोलाच धरला होता. हाड जुळलं होतं, पण वॉकरला त्या हात लावायला तयार नव्हत्या. आता कुठं जायचंय मला, म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या. त्या काळजीनं बायको अर्धी झाली होती.

दाढ निघाल्यावर दंतवैद्य हातमोज्यांसकट आत धावले. तळमजल्यावर मोकळी अशी एकच खोली, त्यांच्या पुस्तकांची. सासूबाईंची कॉट तिथेच काचेच्या कपाटांमध्ये लावलेली होती. कपाटांत प्राचीन ग्रीक प्रहसनांची जुनी, दुर्मीळ भाषांतरं होती. दंतवैद्यांनी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. त्यांचा जीव कागदावर, बांधणीवर, मुखपृष्ठावरच्या सोनेरी अक्षरांवर. नाटकात काय आहे हे विचारणाऱ्याला ते जरा कमी प्रतीचा माणूस समजत.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक आणि हातात फळं कापायची सुरी.

"जावईबापू, या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच राहिली होती," त्या म्हणाल्या. "बांधणाऱ्यानं कामचुकारपणा केलेला दिसतोय. मी सोडवली सगळी."

दंतवैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते 'वाऱ्यावर खटला' होतं. जुन्या काळी छापलेले कागद घडी घालून तसेच शिवत, कडा वाचणाऱ्यानं कापायच्या असत. या प्रतीच्या कडा आजवर कुणीच कापल्या नव्हत्या, आणि तेच तिचं मोल होतं. रविवारी एक निवृत्त प्राध्यापक येणार होते. दंतवैद्यांकडे एका प्रहसनसंग्रहाचा दुसरा खंड वर्षानुवर्षं एकटा पडला होता. त्याचा पहिला खंड प्राध्यापकांकडे होता, आणि या न कापलेल्या प्रतीच्या बदल्यात तो द्यायला ते कसेबसे राजी झाले होते.

"कुंभार आहे एक," सासूबाई सांगत होत्या. "वाऱ्यानं मडकी फोडली म्हणून वाऱ्यावर खटला भरतो. आणि न्यायाधीश बहिरा." त्या पुन्हा हसू लागल्या.

दाराशी बायको डोळे पुसत उभी होती. तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात बजावलं की आईला एका शब्दानं दुखवलंत, तर या घरात फक्त पुस्तकंच तुमच्याशी बोलतील.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. दंतवैद्यांनी पुस्तक अलगद उचललं आणि दवाखान्यात नेलं. दातावर टोपी बसवायचं सिमेंट त्यांच्याकडे होतंच. बारीक सळईनं एकेका कडेला नखभर लावावं, कडा पुन्हा जुळाव्यात, कुणाला कळणारही नाही, असा त्यांचा हिशेब. सुरुवात छान झाली. पण ते सिमेंट जबड्यासाठी बनवलेलं, कागदासाठी नव्हे. ते आत झिरपलं. शेवटची पानं एकमेकांना अशी धरून बसली की जणू एकत्र कुटुंब. सोडवायला गेले, तर हातमोजाही त्यात सामील झाला. त्याचं एक बोट कात्रीनं कापून आतच ठेवावं लागलं.

संध्याकाळी सासूबाईंनी पुस्तक मागितलं. शेवट राहिला होता. दंतवैद्य म्हणाले, ऊन दाखवायला ठेवलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कसर लागू नये म्हणून औषध मारलंय. सासूबाई ऐकून घेत होत्या.

रविवारी प्राध्यापक आले. कडक इस्त्रीचे कपडे, पहिला खंड मऊ कापडात गुंडाळलेला. दंतवैद्य त्यांना दवाखान्यात बसवून हवापाण्याच्या गप्पा लांबवत होते, तेवढ्यात आतून खट्‌खट्‌ आवाज येऊ लागला. दार उघडलं. वॉकर धरून सासूबाई उभ्या होत्या, घामाघूम, आणि मागे हात पसरून बायको.

"पुस्तक कुठं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"मलाही तेच बघायचंय," प्राध्यापक म्हणाले.

दंतवैद्यांनी खण उघडून पुस्तक टेबलावर ठेवलं. ठोकळ्यासारखा आवाज झाला. प्राध्यापकांनी कापलेल्या कडा पाहिल्या, मग चिकटलेला गठ्ठा, मग त्यातून डोकावणारं रबरी बोट. दंतवैद्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. फक्त सुरीचा आरोप स्वतःवर घेतला.

"खोटं बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "पानं मी कापली. पण चिकटवली का? कुंभाराचं काय झालं ते त्यात आहे."

"कोणता कुंभार?" प्राध्यापकांनी विचारलं.

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग रुग्णांच्या खुर्चीत टेकल्या आणि सुटी असलेली पानं वाचून दाखवू लागल्या. बहिऱ्या न्यायाधीशाला साक्ष ऐकू येईना, म्हणून तो वाऱ्यालाच फुंकर मारून हो की नाही ते सांगायला लावतो, तिथे प्राध्यापकांचा चष्मा घसरला. हसता हसता त्यांना ठसका लागला. बायकोनं पाणी आणलं. दंतवैद्यही हसत होते. या नाटकात हसण्यासारखं काही असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आणि वाचन चिकटलेल्या पानांपाशी येऊन थांबलं. चौघंही त्या गठ्ठ्याकडे बघत बसले.

शेवटी प्राध्यापक उठले. अदलाबदल आता कसली, पहिला खंड घेऊन ते निघणार, हे दंतवैद्यांनी मनोमन धरलंच होतं. पण त्यांनी कापड सोडून तो खंड सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्याच्याही कडा जोडलेल्याच होत्या.

"हा राहू दे तुमच्याकडे," ते म्हणाले. मग दंतवैद्यांकडे वळून जरा संकोचानं त्यांनी विचारलं, "माझ्याकडे 'वाऱ्यावर खटला'ची आणखी एक प्रत आहे, तीही न कापलेली. जोडी जमवायची होती मला. पुढच्या रविवारी तुमच्या सासूबाई मोकळ्या आहेत का? येताना सुरीही आणू देत. माझ्या घरी धारेची नाही."