जर्मनीहून आलेला फोन

वेळेच्या बाबतीत माझी चूक होणं अशक्य! विरारच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंट्रोल सिस्टिम्स शिकवायचो. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा माझ्या फळ्यावरून निसटत नसे!

२००२ सालची गोष्ट. जर्मनीतल्या एका प्रोफेसरांना माझा अर्ज पसंत पडला. विषय, पवनचक्क्यांचं नियंत्रण. तीन वर्षं पीएच.डी., फी माफ, वर पगार! उरली होती फक्त फोनवरची मुलाखत. एप्रिलचा पहिला गुरुवार, त्यांचे सकाळचे दहा. म्हणजे आपले दुपारचे अडीच. तोंडी गणित!

नंदाखाल गावातल्या आमच्या घरचा फोन महिनाभर मुक्या मांजरासारखा पडून होता. म्हणून मी शेजारच्या रुडॉल्फ अंकलचा नंबर दिला. त्यांचं रेशनचं दुकान होतं. गावात त्याला सगळे 'कंट्रोल'च म्हणायचे.

दोन वाजताच मी टाय बांधून हजर! दुकानापुढे गव्हाची ही लांब रांग.

"अंकल, माझा फोन येईल हं."

"येऊ दे की! मघापासून फोनच फोन. दीडला तर कुणी इंग्रज होता."

माझा टाय एकदम घट्ट झाला. "काय म्हणाला?"

"'कंट्रोल? कंट्रोल? एनर्जी?' रॉकेल संपलेलं, फोन थांबेनात, म्हणून मी पण इंग्रजीत सांगितलं, 'कंट्रोल क्लोज्ड! केरोसीन मंडे!' तरी थँक्यू म्हणाला बिचारा."

"अंकल! माझं आयुष्य घालवलंत तुम्ही!"

भर रांगेत मी किंचाळलो. अडाणी म्हणालो, आणखी बरंच काही म्हणालो. साठीच्या त्या माणसाने हातातलं माप खाली ठेवलं आणि माझ्यासाठी आत पाणी सांगितलं. त्यांच्या मिसेस मटिल्डा आंटी पाणी घेऊन आल्या, तो पेलाही मी ढकलला.

तरी साडेतीनपर्यंत फोनसमोर बसलो. आली ती फक्त आगाशीहून साखरेची चौकशी!

संध्याकाळी सायबर कॅफेत ईमेल वाचला. 'ठरल्या वेळी फोन केला. तुमचं कंट्रोल सोमवारपर्यंत बंद असल्याचं कळलं. आमची समिती आजच निर्णय घेणार होती. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे.'

मी चिडून तीन पानी उत्तर धाडलं. तासभर आधी फोन करता? हीच का जर्मन शिस्त?

दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं. 'गेल्या रविवारपासून युरोपात घड्याळं एक तास पुढे आहेत.'

मी तो ईमेल पुसून टाकला. कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

पुढची सहा वर्षं, वारेपर्यंत, रुडॉल्फ अंकल चर्चबाहेर भेटले की माझा हात धरायचे. "ॲन्सेल्म, बाबा, माझ्यामुळे तुझं जर्मनी गेलं रे!"

आणि मी, मोठ्या मनाने, दर वेळी म्हणायचो, "जाऊ द्या अंकल. मी कधीच माफ केलंय तुम्हाला."